पेशीचा हिशेब

धुऱ्याचा वाद बहुतेक वेळा दोन-तीन हात जमिनीचा असतो. अमरावती जिल्ह्यातला भातकुली तालुका खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे सारी भिस्त पावसावर आणि त्यावर येणाऱ्या सोयाबीन, तूर, कपाशीवर. धुऱ्यालगतच्या त्या पट्टीत तुरीचं एखादं तास बसेल एवढीच जागा असते. तरीही असा वाद दिवाणी कोर्टात गेला की वर्षानुवर्षं चालतो आणि दर पेशीला घरातला एक माणूस कामावरून उठतो. ऐन सोंगणीत पेशी लागली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. अमरावतीला जाण्यायेण्याचं भाडं, सोबत नेलेल्या साक्षीदाराची मजुरी आणि जेवण, झेरॉक्स, मुन्शीचे पैसे असं सगळं लागतं. एवढं करून दुपारी कळतं की समोरच्या पक्षाने मुदत मागितली.

हा खर्च कोणी वहीत मांडत नाही. मांडली जाते ती वकिलाची फी. म्हणून खर्च कमी करायचा म्हटलं की माणूस आधी स्वस्त वकील शोधायला निघतो, आणि इथंच त्याचं गणित चुकतं. वकिलाची फी घासाघीस करून थोडीफार उतरते. वकिलाला करावं लागणारं काम कमी केलं, तर फीही उतरते आणि पेश्याही. यातलं बरंचसं काम पक्षकाराच्याच हातात असतं.

धुऱ्याचंच उदाहरण घ्या. वकिलाकडे जाण्याआधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात सरकारी मोजणीचा अर्ज करता येतो. फी ठरलेली असते, लगतच्या कास्तकारांना नोटिसा जातात, भूकरमापक येऊन मोजणी करतो आणि हद्दी दाखवणारा नकाशा, म्हणजे ‘क’ प्रत, हातात पडते. ही प्रत नसताना दावा लावला, तर अतिक्रमण किती आणि कुठं हे कोर्टाला कळायला मार्ग नसतो. मग दाव्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज येतो, त्यावर समोरच्याचं म्हणणं येतं, युक्तिवाद होतो आणि अखेर त्याच भूमी अभिलेख कार्यालयाचा माणूस त्याच धुऱ्यावर मोजणीला येतो. जे काम आधी साध्या अर्जाने झालं असतं, त्यासाठी दहा-बारा पेश्या खर्ची पडतात. कितीदा तर ‘क’ प्रत पाहूनच दोन्ही घरं गप्प बसतात, कारण अतिक्रमण कोणी केलं याबद्दल दोघांचीही समजूत चुकीची निघते.

वहिवाटीचा रस्ता अडवला असेल, तर पहिला दरवाजा तहसीलदाराचा. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ सालचा, पण आजही चालता कायदा आहे. त्याच्या कलम ५ खाली शेताकडे जाणारा वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी अडवला असेल, तर तो अडथळा काढून टाकण्याचा हुकूम तहसीलदार देऊ शकतात. अट एकच आणि ती कडक आहे. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. गावात चार बैठका, मध्यस्थ, दिवाळीनंतर बघू, असं करत सातवा महिना उजाडतो आणि हा स्वस्त रस्ता बंद होतो. नव्याने धुऱ्यावरून रस्ता हवा असेल, तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. तिथंही निर्णय तहसीलदारच करतात. स्थळपाहणी, पंचनामा आणि जुना गाव नकाशा यांवर हे निकाल उभे राहतात. गाव नकाशात पांधण दाखवलेली असेल, तर तो एक कागद चार साक्षीदारांचं काम करतो.

याच ओळीतली आणखी एक सोय फार थोड्या घरांना माहीत आहे. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असा घोळ वऱ्हाडात जागोजाग सापडतो. जुन्या वाटण्या तोंडी झालेल्या असतात आणि सातबारा वेगळंच बोलतो. जानेवारी २०२३ मध्ये राज्य सरकारने सलोखा योजना आणली ती यासाठीच. ताबा किमान १२ वर्षांचा असेल आणि दोघंही राजी असतील, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये. एरवी हेच शुल्क जमिनीच्या किमतीवर लागतं. योजना मुदतीची आहे, म्हणून अर्जाआधी ती सुरू आहे का हे दुय्यम निबंधकाकडे विचारून घ्यावं. भावाभावांत वाटणी करायची असेल आणि कोणाच्या हक्काबद्दल तंटा नसेल, तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेता येतं. वाटणीच्या दाव्यासाठी वकील लावण्याआधी सगळ्या भावांनी, आणि हे ठासून सांगायला हवं, सगळ्या बहिणींनीही एकत्र बसून हा अर्ज जमतो का ते पाहावं. बहिणींना वगळून केलेलं वाटप म्हणजे पुढच्या दाव्याची पेरणी.

सावकारीचा प्रश्न या भागात जुना आहे. पापळचे बॅरिस्टर पंजाबराव देशमुख १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारात मंत्री होते. कर्जदार शेतकरी आणि सावकार यांच्यात लवादामार्फत तडजोड घडवण्याच्या १९३३ च्या कायद्याशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. आज त्या जागी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ आहे. कर्जापोटी तारण म्हणून वावराची खरेदी करून घेतली आणि सावकार बेकायदेशीर निघाला, तर सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक चौकशी करून ती खरेदी अवैध ठरवू शकतात आणि जमीन परत देण्याचा हुकूम काढू शकतात. अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांत झालेले व्यवहार यात येतात. हीच जमीन दिवाणी दाव्याने सोडवायला गेलं तर कोर्ट फी, वकील आणि वर्षं असं तिन्ही लागतं. इथं लागतात ते पुरावे: उसनवारीच्या चिठ्ठ्या, परतफेडीच्या नोंदी, त्या वेळचा बाजारभाव आणि खरेदीनंतरही जमीन आपणच कसत होतो हे दाखवणारा पीकपेरा.

प्रकल्पात गेलेल्या जमिनीचा हिशेब आणखी वेगळा. पेढी नदीवरचा निम्न पेढी प्रकल्प याच तालुक्यातल्या निंभ्याजवळचा. विदर्भातल्या सिंचन प्रकल्पांसाठी काही जमिनी भूसंपादन कायद्याने गेल्या, काही सरळ खरेदीने. दोन्हींत फरक मोठा आहे. संपादनाच्या निवाड्यावर हरकत नोंदवून वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयाकडे जाता येतं. राजीखुशीने खरेदीखत करून दिलं की ती वाट बंद होते. वकिलावर करायच्या साऱ्या खर्चांत सर्वांत किफायतशीर खर्च कोणता असेल, तर तो सहीच्या आधीच्या एका तासाच्या सल्ल्याचा. सहीनंतर तोच वकील दहा वर्षं भांडला तरी गेलेला हक्क आणून देऊ शकत नाही.

ज्यांनी कोर्टाची पायरी चढायची हिंमत केली नाही, त्यांच्यासाठी कायद्याने एक दार मुद्दाम उघडं ठेवलं आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात १९८४ साली कलम २८-अ घातलं गेलं. २०१३ च्या नव्या कायद्यात तेच कलम ७३ म्हणून आलं. एकाच अधिसूचनेखाली दहा जणांची जमीन गेली, त्यातला एकटा न्यायालयात गेला आणि त्याला वाढीव दर मिळाला, तर न्यायालयात न गेलेले बाकीचे नऊ जण जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून त्याच आधारावर मोबदला पुन्हा ठरवून मागू शकतात. दावा नको, युक्तिवाद नको. मुदत मात्र न्यायालयाच्या निवाड्यापासून तीन महिन्यांची असते. निवाड्याची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात. गावात कोणाचा निकाल लागला ही बातमी पारावर पोहोचते ती बरेचदा रक्कम खात्यात पडल्यावर, म्हणजे मुदत उलटून गेल्यावर. ज्याची जमीन एकाच अधिसूचनेत गेली आहे, त्या प्रत्येकाने शेजाऱ्याच्या खटल्याचा क्रमांक स्वतःकडे टिपून ठेवायला हवा. ई-कोर्ट्सच्या मोफत अॅपवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते, बहुतेक हुकूमही वाचता येतात. स्वतःच्या खटल्यासाठीही हे अॅप उपयोगी आहे. साहेब सुटीवर आहेत किंवा पेशी बदलली, हे आदल्या दिवशी कळलं तर एक फेरी वाचते.

मोबदल्याच्या खटल्यांत एक रीत सर्रास ऐकू येते. आता काही देऊ नका, रक्कम आली की इतके टक्के द्या. हातात पैसा नसलेल्या माणसाला हे सोयीचं वाटतं, पण ते सर्वांत महाग पडतं आणि नियमबाह्यही आहे. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं, हे दोन्ही भारतीय वकील परिषदेच्या नियमांनी वर्ज्य केलं आहे. तेलंगणातल्या एका विधवेचं प्रकरण यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पतीच्या अपघाती मृत्यूची भरपाई तिला मिळाली. वकिलाला १० लाख रुपये दिल्यावरही आणखी ३ लाखांच्या धनादेशावर दबावाने सही घेतली, असं तिचं म्हणणं होतं. तो धनादेश वटला नाही म्हणून तिच्यावरच फौजदारी खटला भरला गेला. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि टक्केवारीने मागितलेली फी कायद्याने वसूल होऊ शकत नाही हे स्पष्ट केलं. वकील आपल्या कष्टाची पुरेशी फी मागू शकतो, त्यात काही गैर नाही. ती आकड्यात आणि आधी ठरायला हवी, एवढंच.

फी देण्याची ऐपतच नसेल, तर? राज्यघटनेत १९७६ साली मोफत कायदेशीर मदतीचं कलम ३९-अ आलं. पुढे १९७८ साली एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गरीब कैद्याला मोफत वकील हा त्याचा हक्क ठरवला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा आहे, पण अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकिलाचा हक्क कोणाला, याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, पूर-दुष्काळासारख्या आपत्तीत सापडलेले, कोठडीत असलेले, आणि महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असलेलं कोणीही. या यादीत सर्व महिला आणि मुलं येतात आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. नवऱ्याच्या नावावर पंधरा एकर असलेल्या बाईलाही पोटगीसाठी, वाटणीसाठी, घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात सरकारी खर्चाने वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात करायचा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. या मदतीत वकिलाच्या फीबरोबर कोर्ट फी, समन्सचा खर्च, नकला, टंकलेखन हेही येतं. ज्या संस्थेकडून हे सगळं चालतं त्या राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचं कार्याध्यक्षपद आणि नंतर देशाचं सरन्यायाधीशपद ज्यांनी भूषवलं, ते न्यायमूर्ती भूषण गवई अमरावतीत जन्मलेले. त्यांचं मूळ गाव दारापूर, भातकुलीच्या शेजारच्या दर्यापूर तालुक्यातलं.

फुकटचा वकील लक्ष देत नाही, ही तक्रार गावोगाव आहे आणि ती सरसकट खोटी ठरवता येणार नाही. पण नेमलेला वकील हजर राहत नसेल, तर त्याच प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी अर्ज देऊन वकील बदलून मागता येतो. सचिव स्वतः न्यायाधीश असतात. खासगी वकिलाने असं केलं तर विचारायला इतकं जवळचं ठिकाण नाही.

बायकांच्या बाबतीत आणखी एक सवलत वापराविना पडून असते. १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने महाराष्ट्र सरकारने पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्री पक्षकारांना कोर्ट फी माफ केली आहे. बहिणीने वडिलोपार्जित वावरात हिस्सा मागताना कोर्ट फी भरण्यासाठी कर्ज काढलं, असं व्हायला नको.

काही भांडणांत वकील नसला तरी चालतं. बियाणं उगवलं नाही, हे त्यातलं एक. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी विदर्भ-मराठवाड्यातून इतक्या आल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात ठरवून टाकलं आहे. सगळं बियाणं पेरून टाकल्यावर तपासणीसाठी नमुना आणणार कुठून, ही शेतकऱ्याची अडचणही त्या निकालात मान्य झाली. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तू-सेवेच्या तक्रारीला फी नाही. २०१९ च्या कायद्यात ही रक्कम नुकसानीवरून न धरता मोजलेल्या किमतीवरून धरतात, त्यामुळे बियाण्याच्या दोन-चार बॅगांची तक्रार आपसूक बिनफीची होते. तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो. त्याच्याकडे हवं ते एवढं: पक्कं बिल, ज्यावर लॉट नंबर लिहिला आहे, रिकामी बॅग आणि तिला शिवलेलं लेबल, फाडून न टाकलेलं, आणि कृषी खात्याच्या तालुका तक्रार निवारण समितीने वावरात येऊन केलेला पंचनामा. समितीकडे अर्ज उगवणीचे दिवस उलटताच करायला हवा. दुबार पेरणी झाल्यावर पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही.

ज्याला वकील करावाच लागतो, त्याने पहिल्या भेटीला काय न्यावं? बहुतेक जण पिशवीभर कागद नेतात. त्यात वीजबिल असतं, सोसायटीची पावती असते, आजोबांच्या वेळचा फेरफार असतो आणि ज्यावर सगळं अवलंबून आहे ती इसारचिठ्ठी घरीच राहते. वकिलाचा पहिला तास निवडण्यात जातो, दुसरी भेट राहिलेल्या कागदासाठी. त्यापेक्षा एका कोऱ्या कागदावर तारीखवार दहा-बारा ओळी लिहाव्यात: कधी खरेदी झाली, कधी फेरफार झाला, ताबा कधीपासून, भांडण कोणत्या दिवशी, नोटीस कधी आली. सोबत वंशावळीच्या तीन ओळी, म्हणजे कोण कोणाचा आणि कोण कधी वारलं. मूळ कागद घरी ठेवून झेरॉक्स द्यावेत. आपल्या विरुद्ध जाणारा कागद तर आधी दाखवावा, कारण तो उलटतपासणीत समोरून आला की दुरुस्तीला वाव उरत नाही. असा पक्षकार समोर आला की वकिलालाही प्रकरण किती दिवसांचं आहे याचा अंदाज येतो आणि फी अंदाजपंचे वाढवून सांगावी लागत नाही.

फी टप्प्यांनी ठरवावी. दावा किंवा जबाब दाखल होईपर्यंत किती, तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला किती, पुराव्याला किती, युक्तिवादाला किती. दर पेशीला इतके, असा करार झाला तर लांबलेल्या खटल्याचा भार पक्षकारावर पडतो. कोर्ट फी, तिकिटं, नकला हा खर्च फीत धरला आहे की वेगळा, हे त्याच वेळी विचारावं. दिलेल्या रकमेची पावती घ्यावी. पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवणं हे वकिलावर नियमानेच बंधनकारक आहे. वकिलांच्या फीचं सरकारी दरपत्रक नसतं. दोन-तीन वकिलांना भेटून विचारण्यात अपमान कोणाचाच होत नाही.

जिंकलो तर सगळा खर्च समोरच्याकडून निघेल, या भरवशावर कोणी राहू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ मध्ये तसं तत्त्व आहे, पण हुकूमनाम्यात वकील फी म्हणून लिहिली जाणारी रक्कम खऱ्या फीच्या मानाने फार थोडी असते. इंग्लंडात हे तत्त्व किती कडक होतं, ते लोकमान्य टिळकांनी भोगलं. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवर अब्रुनुकसानीचा दावा लढायला ते १९१८ साली लंडनला गेले, फेब्रुवारी १९१९ मध्ये दावा हरले आणि समोरच्याचा खर्चही अंगावर आला. ते ओझं उतरवायला महाराष्ट्रात लोकांनी वर्गणी जमवली. त्याआधी टिळकांना १९०८ साली झालेल्या शिक्षेविरुद्ध विलायतेत प्रयत्न करण्यासाठी त्यांचे स्नेही, अमरावतीचे नामांकित वकील दादासाहेब खापर्डे गेले होते. ते तिकडे सुमारे दोन वर्षं राहिले आणि वऱ्हाडातली चालती वकिली त्यांनी त्या काळात बाजूला ठेवली.

सामान्य माणसाला असा स्नेही मिळत नाही, पण लोकअदालत मिळते. तिथं तडजोड झाली तर निवाड्याला हुकूमनाम्याची ताकद येते, त्यावर अपील नसतं आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. हा परतावा मागून घ्यावा लागतो. तडजोडीच्या दिवशीच वकिलाकडून त्याचा अर्ज करून घ्यावा.

आणि वकिलाशी पटेनासं झालं तर? बाकी फीसाठी फाइल अडकवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही. मध्य प्रदेशातल्या राज्य सहकारी बँकेच्या फायली एका वकिलाने ९७,१०० रुपयांच्या थकबाकीसाठी अडवल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं की खटल्याचे कागद हा काही विकाऊ माल नाही की त्यावर बोजा ठेवता यावा. फीचा वाद वकिलाने वेगळा लढावा. नवा वकील करताना जुन्याची नाहरकत लागते. ती मिळाली नाही तर न्यायालयाची परवानगी मागून नवं वकीलपत्र दाखल करता येतं. या घालमेलीत एक पेशी जरी चुकली आणि दावा गैरहजेरीत निकाली निघाला, तर तो पुन्हा फाइलवर घेण्याचा अर्ज तीस दिवसांच्या आत द्यावा लागतो. उशीर झाला तर विलंबमाफीचा आणखी एक अर्ज लागतो आणि त्या अर्जाचीही फी, त्याच्याही पेश्या असतात.